जुन्या इंग्रजी शब्दांचा अर्थ कसा लावावा

आपला पासपोर्ट उघडून आतील मजकूर वाचावा. राष्ट्रपतींच्या नावाने तेथे सर्व संबंधितांना विनंती केलेली आहे की, पासपोर्टाच्या धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे. ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’ एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याने हे शब्दशः लावून पाहिले, तर ‘होऊ देण्यावाचून किंवा अडथळ्यावाचून’ असे काहीतरी विचित्र हाती येते. पण अशी तसदी कोणी घेत नाही, कारण शब्द ओळखीचा असतो आणि वाक्याचा रोख कळलेला असतो. वस्तुतः हा ‘लेट’ निराळा. जुन्या इंग्रजीत उच्चाराने जवळची अशी दोन क्रियापदे होती, एकाचा अर्थ ‘होऊ देणे’ आणि दुसऱ्याचा ‘अडवणे’. पुढे दोन्हींचा उच्चार एक झाला आणि अडवणारा ‘लेट’ मागे पडला. तो पासपोर्टात उरला, टेनिसमध्ये जाळीला चाटून गेलेल्या सर्व्हिसवर पुकारतात त्यात उरला, आणि हॅम्लेटच्या तोंडी उरला. भुताच्या मागे जाणाऱ्या हॅम्लेटला मित्र धरून ठेवतात, तेव्हा तो बजावतो की, मला जो ‘लेट’ करील त्याचेच मी भूत करीन. पासपोर्टातील हिंदी मजकुरात याच जागी ‘बिना रोक-टोक’ असे शब्द आहेत आणि ते अचूक आहेत.

सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी पत्रे, प्रवासवर्णने आणि सरकारी कागद मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला ऐकून आता कंटाळलो आहे. ‘मोठा शब्दकोश जवळ ठेवा’ हा सल्ला निरुपद्रवी आहे. ‘अडेल तेथे कोश पाहा, बाकी अर्थ संदर्भावरून लागतोच’ हा मात्र घातक आहे, कारण जेथे आपण अडत नाही नेमके तेथेच चुकतो. पुढे सांगितलेली पद्धत साधारणपणे १६०० ते १९०० या काळातील मजकुरासाठी आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या आणि त्याही आधीच्या इंग्रजीला व्याकरणापासून वेगळी तयारी लागते. तो या लेखाचा विषय नाही.

पायरी पहिली: वर्ष, ठिकाण आणि पूर्ण वाक्य

सुटा शब्द कधीही उतरवून घेऊ नये. पूर्ण वाक्य, ते कोणत्या वर्षी लिहिले गेले आणि कोठे लिहिले गेले, या तीन गोष्टी एकत्र टिपाव्यात. वर्ष लेखनाचे हवे, आपल्या हातातील आवृत्तीचे नव्हे.

पायरी दुसरी: छपाई आणि लेखनपद्धती

कोशात सापडत नाही म्हणून ‘दुर्मीळ’ ठरवलेले निम्मे शब्द केवळ वेगळ्या प्रकारे छापलेले साधे शब्द असतात. १८०० च्या आसपासपर्यंत इंग्रजी छपाईत ‘एस’ या अक्षराचे एक लांब रूप वापरात होते आणि ते ‘एफ’सारखे दिसते, फरक एवढाच की, ‘एफ’ची आडवी रेघ दोन्ही बाजूंना येते, तर या लांब ‘एस’ला ती असलीच तर फक्त डावीकडे असते. शब्दाच्या शेवटी हे रूप येत नाही. माणसाच्या डोळ्याला हा फरक दोन पानांत सवयीचा होतो, परंतु जुनी पुस्तके संगणकाकडून वाचवून घेतलेल्या मजकुरात सगळा गोंधळ असतो: तेथे ‘सच’चे ‘फच’ होते, ‘सेम’चे ‘फेम’ होते आणि सुरतेकडे ‘सेल’ करणारी जहाजे सरसकट ‘फेल’ होतात. म्हणून शंका आली की छापील पानाचे छायाचित्रच पाहावे.

सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पुस्तकांत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे अदलाबदलीने येतात, तसेच ‘आय’ आणि ‘जे’ हीही. अठराव्या शतकात ‘पब्लिक’ आणि ‘म्यूझिक’ यांच्या शेवटी एक जास्तीचा ‘के’ असतो आणि ‘शो’ हा शब्द ‘ई’ घालून लिहिलेला असतो. दुकानांच्या पाट्यांवर हौसेने लिहिले जाणारे ‘ये ओल्ड’ हे तर मुळात ‘दि ओल्ड’च आहे; ‘थ’ आणि ‘द’ या ध्वनींसाठी इंग्रजीत पूर्वी एक स्वतंत्र अक्षर होते, त्याच्या जागी ‘वाय’ छापण्याची पद्धत पडली आणि उच्चारही चुकीचा रूढ झाला. ज्यांनी थोडीफार मोडी वाचली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

पायरी तिसरी: शब्द आपलाच तर नाही ना, हे पाहणे

मजकूर हिंदुस्थानातून लिहिलेला असेल तर इंग्रजी कोश उघडण्यापूर्वी तो शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. आंग्र्यांच्या आरमाराविषयीच्या इंग्रजी वर्णनांत ‘ग्रॅब्ज अँड गॅलिव्हॅट्स’ हे जोडनाव वारंवार येते. ‘ग्रॅब’चा अर्थ झडप घालून पकडणे असा सर्वांना माहीत असल्यामुळे, एका होतकरू भाषांतरकाराने त्या जागी ‘झडप घालणारी जहाजे’ असे लिहिलेले मी वाचले आहे, आणि ते वाक्य मोठे वीररसपूर्ण झाले होते हेही मान्य केले पाहिजे. परंतु ‘ग्रॅब’ म्हणजे आपली गुराब आणि ‘गॅलिव्हॅट’ म्हणजे गलबत. गुराब हा शब्द अरबीतून आलेला असून तेथे त्याचा अर्थ कावळ्याच्या जातीचा पक्षी असा होतो. झडपेशी त्याचा काहीही संबंध नाही.

मुंबईच्या जुन्या कागदांत ‘बॅटी ग्राउंड’ आढळते. आजच्या इंग्रजीत ‘बॅटी’ म्हणजे डोके फिरलेला; तेथे मात्र ते साधे भात आहे आणि ‘बॅटी ग्राउंड’ म्हणजे भाताची खाचरे. तेथेच ‘ओर्ट’ भेटतो, जो पोर्तुगीजांच्या बागेसाठीच्या शब्दाचा अपभ्रंश असून पश्चिम किनाऱ्यावर त्याचा अर्थ नारळाची वाडी असा आहे. ‘टँक’ म्हणजे सिमेंटची टाकी नव्हे, तलाव. मुंबईत गवालिया टँक हे नाव रोज घेणाऱ्यांपैकी कितीजणांना तेथे एके काळी तळे होते हे जाणवत असेल, कोण जाणे. अशा शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ साली निघालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश पाहावा. त्याचे नावच या प्रकाराचा नमुना आहे, कारण मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश इंग्रज शिपायांच्या तोंडी जाऊन त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. महसूल आणि न्यायालयीन शब्दांसाठी विल्सनची १८५५ ची शब्दावली अधिक उपयोगी पडते.

पायरी चौथी: कोणता कोश कशासाठी

विद्यार्थ्यांसाठीचे आजचे कोश या कामाला निरुपयोगी आहेत, कारण त्यांत सर्वांत प्रचलित अर्थ पहिला देतात आणि मेलेले अर्थ गाळतात. अठराव्या शतकातील मजकुरासाठी सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मजकुरासाठी, विशेषतः अमेरिकन, नोआ वेब्स्टरचा १८२८ चा कोश, आणि सर्व काळासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश, हे तीन पुरतात. पहिले दोन इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ऑक्सफर्डच्या चालू आवृत्तीला वर्गणी लागते. पण या कोशाची पहिली आवृत्ती, जिचा पहिला भाग १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली निघाला, ती इंटरनेट अर्काइव्हवर छायाचित्रांच्या स्वरूपात उपलब्ध आहे आणि नव्वद टक्के वेळा माझे काम तिच्यावर भागते.

ऑक्सफर्डचा कोश वाचण्याची एक रीत आहे. त्यात अर्थ इतिहासाच्या क्रमाने येतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ सर्वांत आधी. प्रत्येक अर्थाखाली वर्ष घालून अवतरणे दिलेली असतात. शब्दापूर्वी किंवा अर्थापूर्वी खंजिरासारखे चिन्ह असेल तर तो वापरातून गेलेला आहे असे समजावे. नवखा माणूस व्याख्या वाचतो आणि अवतरणे सोडून देतो. मी आधी अवतरणांची वर्षे वाचतो, आपल्या मजकुराच्या मागेपुढे पन्नास वर्षांत पडणारी अवतरणे निवडतो आणि मगच त्यांच्या वरची व्याख्या पाहतो.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘विस्मृतीत गेलेले पन्नास सुंदर इंग्रजी शब्द’ छापाच्या याद्यांवर मुळीच विसंबू नये. त्यांतील काही शब्द खरे असतात. उदाहरणार्थ, परवासाठी ‘ओव्हरमॉरो’ हा शब्द १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलात खरोखरच आहे. (मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस एकाच ‘परवा’त बसवून आपण निश्चिंत राहिलो, आणि इंग्रजांनी होता तोही शब्द टाकून दिला.) परंतु कोणी, कधी, कोणत्या वाक्यात वापरला हे यादी सांगत नाही, आणि त्यावाचून शब्दाच्या अर्थाला काडीची किंमत नाही. छापील कोशदेखील चुकतो. वेब्स्टरच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा एक शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर ‘मोठा डी किंवा लहान डी’ हे घनतेचे संक्षिप्त चिन्ह असल्याचे लिहिले होते. त्यातील ‘डी ऑर डी’ ही अक्षरे जोडून वाचली गेली आणि एक शब्द जन्माला आला, जो पाच वर्षे कोणाच्याही लक्षात आला नाही.

पायरी पाचवी: ओळखीच्या शब्दांवर संशय घेणे

सगळी गोम या पायरीत आहे, आणि येथे मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे.

एका इंग्रज प्रवाशाने अठराव्या शतकात लिहिलेल्या वर्णनाचे मी भाषांतर करीत होतो. किनाऱ्यावरील एका ठाण्याच्या प्रमुखाने आपले ‘विथ ग्रेट कॉन्डिसेन्शन’ स्वागत केले, असे त्याने लिहिले होते. आज ‘कॉन्डिसेन्डिंग’ म्हणजे समोरच्याला कमी लेखून, उपकार केल्यासारखे वागणारा. मी क्षणभरही न थांबता ‘मोठ्या तुच्छतेने आमचे स्वागत केले’ असे लिहिले. पुढच्याच पानावर तो अधिकारी प्रवाशाला घरी जेवायला ठेवून घेतो, तो तापाने आजारी पडल्यावर स्वतःचा वैद्य पाठवतो आणि निघताना घोडा देतो. हे वाचून मला माझ्या भाषांतराचा संशय यायला हवा होता. त्याऐवजी मला त्या अधिकाऱ्याचाच संशय आला, आणि मी तळटीप देऊन त्याच्या ‘स्वभावातील विसंगती’कडे वाचकांचे लक्ष वेधले. पुस्तक निघाल्यावर एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. त्यावर दोनच वाक्ये होती: ‘कॉन्डिसेन्शन जॉन्सनमध्ये पाहावे. तळटीप काढावी.’

जॉन्सनने दिलेला अर्थ असा आहे की, वरिष्ठाने आपण होऊन आपल्या पायरीवरून खाली उतरणे आणि कनिष्ठांशी बरोबरीच्या नात्याने वागणे. तो सद्गुण होता. जेन ऑस्टेनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या बाईंच्या ‘कॉन्डिसेन्शन’चे गोडवे गातो, तेव्हा त्याच्या मते तो त्यांची स्तुतीच करीत असतो, हसू येते ते त्याच्या लाचारीचे. समाजात उच्चनीच श्रेणी सर्वांनी गृहीत धरलेली असते तोवर वरच्याने खाली उतरणे चांगुलपणाचे ठरते, आणि सगळे समान आहेत असे मानू लागल्यावर तेच उतरणे अपमानास्पद वाटू लागते. शब्द जागच्या जागी राहिला आणि त्याच्या खालची जमीन हलली.

या प्रसंगाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, चुकीचा अर्थही वाक्यात बेमालूम बसू शकतो. ‘तुच्छतेने स्वागत केले’ हे मराठी वाक्य म्हणून अगदी निर्दोष आहे. त्यामुळे ‘संदर्भावरून अर्थ लागतो’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण संदर्भ चुकीच्या अर्थालाही सांभाळून घेतो. दुसरे, खटकणे ही आपल्याला मिळणारी एकमेव सूचना असते आणि ती दाबून टाकण्याची आपल्याला विलक्षण हौस असते. लेखक विसंगत आहे, पात्र विक्षिप्त आहे, त्या काळची माणसे अशीच असतील, अशी कारणे आपण चटकन शोधतो. आता माझा नियम असा आहे की, जुन्या मजकुरातील माणूस वेड्यासारखा वागताना दिसला तर आधी माझे भाषांतर वेडे आहे असे धरून चालायचे.

परंतु खटकण्याची वाट पाहत बसणेही धोक्याचे आहे. म्हणून काही प्रकारचे शब्द, ते कितीही सोपे असोत आणि वाक्य कितीही सरळ लागत असो, मी प्रत्येक वेळी कोशात पाहतो.

पहिला प्रकार वेळ दाखवणाऱ्या शब्दांचा. ‘प्रेझेंटली’ हा त्यांतला सर्वांत फसवा. आज त्याचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ किंवा ‘सध्या’ असा होतो. शेक्सपिअरच्या काळी तो ‘ताबडतोब’ होता. ‘टेम्पेस्ट’च्या चौथ्या अंकात प्रॉस्परो एरिअलला आपल्या इतर चाकरांना घेऊन यायला सांगतो. एरिअल विचारतो, ‘प्रेझेंटली?’ प्रॉस्परो उत्तर देतो, ‘हो, विथ अ ट्विंक’, म्हणजे पापणी लवते न लवते तोच. एरिअलच्या प्रश्नाचे भाषांतर ‘थोड्या वेळाने?’ असे केले तर उत्तराला काही अर्थच उरत नाही. ‘बाय अँड बाय’चीही हीच गत झाली, आणि ‘सून’ हा शब्दही मुळात ‘लगेच’ या अर्थाचा होता. ‘लगेच’ म्हणून आश्वासन द्यायचे आणि सावकाश उठायचे ही माणसाची खोड शब्दाला ढिला करते. ‘आलोच’ असे फोनवर सांगून अर्ध्या तासाने घराबाहेर पडणाऱ्या कोणाही मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

दुसरा प्रकार माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणाऱ्या विशेषणांचा. ‘कॅन्डिड’ म्हणजे आज तोंडावर स्पष्ट बोलणारा. अठराव्या शतकात तो दुसऱ्याचे दोष न काढणारा, मनात किल्मिष नसलेला माणूस होता, म्हणजे जवळजवळ उलट. ‘ऑफिशियस’ म्हणजे आज नको तेथे लुडबुड करणारा. जॉन्सनच्या कोशात पहिला अर्थ दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा, असा आहे. ‘एन्थुझिअॅस्ट’ म्हणजे आज उत्साही. तेव्हा मात्र ईश्वर आपल्याशी थेट बोलतो अशा भ्रमात असलेला धर्मवेडा. कोणा पाद्र्याच्या टीकेत हा शब्द आला आणि आपण ‘उत्साही’ लिहिले, तर निंदेची स्तुती होते. ‘फॉन्ड’ म्हणजे मूर्ख, ‘सॅड’ म्हणजे गंभीर, ‘नॉटी’ म्हणजे दुष्ट, असे शेक्सपिअरच्या काळी सर्रास सापडते. तेव्हा त्या काळातील ‘नॉटी’ माणसाला खोडकर म्हणून सोडून देऊ नये.

तिसरा प्रकार खाण्यापिण्याच्या आणि जिनसांच्या नावांचा, आणि येथे गोष्ट सहसा एकच असते: पूर्वी व्यापक असलेला शब्द पुढे आकसतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, बी देणारी झाडे आणि फळे माणसाला ‘मीट’ म्हणून दिली आहेत. तेथे ‘मीट’ म्हणजे मांस असते तर झाडाला मटण लागले असते. तो शब्द तेव्हा कोणत्याही अन्नासाठी होता. ‘कॉर्न’ म्हणजे इंग्लंडात मका नव्हे, धान्य, आणि बहुधा गहू. १८१५ ते १८४६ या काळातील ज्या ‘कॉर्न लॉज’नी तेथे एवढे राजकारण पेटवले, ते धान्याविषयीचे कायदे होते. आणि ‘डिअर’ म्हणजे केवळ हरीण नव्हे, कोणताही प्राणी. ‘किंग लिअर’मध्ये उंदीर आणि घुशी यांनाही ‘डिअर’ म्हटले आहे. हे ऐकून हसण्यापूर्वी आपला ‘मृग’ आठवावा. सिंहाला मृगराज आणि माकडाला शाखामृग म्हणतात तेव्हा त्यातील मृग हा हरीण नसतो. संस्कृतातही तो शब्द वन्य पशूंसाठी होता आणि नंतर हरणापुरता उरला. दोन भाषांनी एकाच जनावरापाशी येऊन थांबावे, हा योगायोग मला फार आवडतो.

चौथी खूण व्याकरणाची आहे. ओळखीच्या शब्दामागे अनोळखी शब्दयोगी अव्यय दिसले की थांबावे. ‘सेन्सिबल ऑफ’ म्हणजे समंजस नव्हे, जाणीव असलेला. ‘वॉन्ट ऑफ’ म्हणजे इच्छा नव्हे, उणीव; ‘वॉन्ट ऑफ रेन’ म्हणजे पावसाची आस नव्हे, अवर्षण. याच्या जोडीला काही क्रियापदे कायमची काळ्या यादीत ठेवावीत. ‘सफर’ म्हणजे सोसणे तसेच होऊ देणे. ‘डिस्कव्हर’ म्हणजे शोध लावणे तसेच उघड करून दाखवणे. ‘प्रिव्हेन्ट’ म्हणजे आधी येणे. बायबलातील स्तोत्रकर्ता जेव्हा मी पहाटेला ‘प्रिव्हेन्ट’ केले म्हणतो, तेव्हा तो सूर्याला अडवत नसतो, तर सूर्य उगवण्यापूर्वी उठून बसलेला असतो.

आता उलट दिशेची चूक. जुने अर्थ कळू लागले की माणसाला त्यांची चटक लागते, आणि तो सर्वत्र सर्वांत जुना अर्थच ‘खरा’ मानू लागतो. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधील ‘अज्ञानी’ या शब्दापासून आला आणि मध्ययुगात त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता, हे खरे आहे. म्हणून १८१० सालच्या पत्रातील ‘नाइस’ मुलीला मूर्ख ठरवणारा पंडित त्या मुलीवर अन्याय करतो. मूर्ख, मग चोखंदळ, मग सूक्ष्म आणि नेमका, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छान, असा त्याचा प्रवास झाला. त्यामुळे प्रश्न ‘मूळ अर्थ काय’ हा नसून ‘त्या वर्षी, त्या माणसाच्या तोंडी अर्थ काय’ हा असतो. मराठीत ‘शिक्षा’ झालेल्या कैद्याला कोणी सुशिक्षित म्हणत नाही, मग संस्कृतात आणि हिंदीत तो शब्द काहीही सांगो.

याच चटकेपोटी सेंट पॉल्स कॅथीड्रलची एक गोष्ट फिरत असते. नवी इमारत पाहून राजाने ती ‘अम्यूझिंग, ऑफुल अँड आर्टिफिशियल’ असल्याचे म्हटले, आणि त्या काळी या तिन्ही शब्दांचा अर्थ स्तुतीचा असल्यामुळे वास्तुकार खूश झाला, अशी ती गोष्ट. ‘ऑफुल’ म्हणजे दिपवून टाकणारे आणि ‘आर्टिफिशियल’ म्हणजे कुशलतेने घडवलेले, हे अर्थ बरोबर आहेत. मात्र राजा कोण, याबाबत गोष्ट सांगणाऱ्यांचे एकमत नाही; कोठे दुसरा चार्ल्स असतो, कोठे दुसरा जेम्स, तर कोठे राणी अॅन. शब्दार्थ खरा असला म्हणून त्याला चिकटवलेली कथा खरी ठरत नाही, आणि भाषांतराच्या तळटीपेत ती घालू नये.

पायरी सहावी: मराठी शब्द त्याच काळातला शोधणे

अर्थ लागला म्हणजे मराठी शब्द मिळालाच असे नाही. सुरतेची इंग्रजांची ‘फॅक्टरी’ कारखाना नव्हती, कारण तेथे काही तयार होत नव्हते. कंपनीचे ‘फॅक्टर’ म्हणजे व्यापारी गुमास्ते जेथे राहत आणि माल ठेवत, ती वखार होय. शालेय पुस्तकांनी हा शब्द नीट जपला आहे. कंपनीचा ‘रायटर’ लेखक नसून सर्वांत खालच्या पायरीवरचा कारकून होता. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगचे नाव त्यांच्यावरून पडले. जुन्या कागदांतील ‘पिऊन’ कचेरीत चहा आणून देत नाही, तो हत्यारबंद पायदळातला माणूस असतो, आणि त्याला ‘प्यादा’ म्हणण्यात दुहेरी गंमत आहे, कारण एक शब्द पोर्तुगीजमधून आणि दुसरा फारसीतून आला असला तरी दोन्हींच्या मुळाशी पाय आहे.

या पायरीसाठी माझे आवडते साधन सहसा कोणी सुचवत नाही. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. १८४७ चा इंग्रज तो इंग्रजी शब्द कोणत्या अर्थाने घेत होता आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडचे शास्त्री कोणता मराठी शब्द देत होते, ही दोन्ही उत्तरे त्यात एकाच ओळीत मिळतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा आणि सुधारून वाढवलेला १८५७ चा, मी उलटा वापरतो. त्याचा संपूर्ण मजकूर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. शोधाच्या चौकटीत जुना इंग्रजी शब्द घालायचा आणि तो कोणकोणत्या मराठी शब्दांच्या स्पष्टीकरणात आला आहे ते पाहायचे. विस्मरणात गेलेले कितीतरी मराठी शब्द मला अशा रीतीने परत मिळाले.

सापडलेला शब्द वाक्यात घालून मोठ्याने वाचावा, आणि वर्ष, वाक्य, निवडलेला अर्थ व टाकलेला अर्थ असे चारही वहीत उतरवून ठेवावे. टाकलेला अर्थ लिहिणे आवश्यक आहे, कारण सहा महिन्यांनी आपल्याला तोच पुन्हा सुचतो.

त्या पोस्टकार्डानंतर दुसरी आवृत्ती निघायला सात वर्षे लागली. ‘कॉन्डिसेन्शन’साठी मी आधी ‘कृपाळूपणे’ लिहिले, पण त्यात देवाचा वास येत होता. ‘नम्रतेने’ बसेना, कारण तो अधिकारी नम्र नव्हता. आपण वरचे आहोत हे तो पुरते जाणून होता. ‘मनमिळाऊपणे’मध्ये तर दोघांतले अंतरच नाहीसे होत होते. शेवटी ‘आपले थोरपण बाजूला ठेवून त्यांनी आमचे स्वागत केले’ असे छापले आणि तळटीप काढून टाकली. शिक्षकांना प्रत पाठवली, तेव्हा पुन्हा पोस्टकार्ड आले. ‘थोरपण बाजूला ठेवून’च्या ऐवजी ‘न मिरवता’ चालले असते का, एवढेच त्यांनी विचारले होते, आणि तिसऱ्या आवृत्तीसाठी तो पर्याय मी वहीत टिपून ठेवला आहे.